छताखालच्या उजेडावर चालणारा ब्लूटूथ टॅग: मायक्रोअँपिअरचा हिशोब आणि जोडणी

गाडीच्या काचेवरचा फास्टॅग बॅटरीशिवाय चालतो, कारण टोलनाक्यावरचा रीडर लहरींतून त्याला वीजही पुरवतो. पण त्यासाठी टॅग रीडरसमोर, काही मीटरच्या आत यावा लागतो. गोदामातली हातगाडी, रुग्णालयातली व्हीलचेअर किंवा प्रयोगशाळेतला ऑसिलोस्कोप सध्या कुठल्या खोलीत आहे हे दिवसभर कळत राहायला हवे असेल, तर टॅगने स्वतःहून आपला क्रमांक पाठवत राहिले पाहिजे. त्याला स्वतःची वीज लागते. ती ट्यूबलाइट आणि एलईडीच्या उजेडातून कशी मिळवायची, ते इथे भागांच्या नावांसह आणि आकड्यांसह दिले आहे.

आधी एक खरे सांगायला हवे. दर ३० सेकंदांनी एक संदेश एवढेच काम असेल, तर सीआर२०३२ हे २२० मिलिअँपिअर-तासांचे नाण्यासारखे सेल कागदावर वीस वर्षांहून जास्त पुरते. प्रत्यक्षात त्याचे स्वतःचे वयच आधी संपते. दर दोन सेकंदांनी संदेश हवा असेल, तर तेच सेल साधारण तीन वर्षांत रिकामे होते. म्हणून उजेडाचा मार्ग निवडण्याला पक्के कारण हवे. टॅग हजारोंनी आहेत आणि सेल बदलायला माणूस फिरवणे परवडत नाही, टॅग पाणी-धूळ जाऊ नये म्हणून कायमचा बंद केलेला आहे, किंवा वापरलेल्या सेलची विल्हेवाट हीच डोकेदुखी आहे, ही पक्की कारणे झाली. यांपैकी काही लागू नसेल तर सेल लावा आणि निश्चिंत राहा.

पहिले काम: उजेड मोजणे

बहुतेक टॅग कागदावरच फसतात, कारण हिशोब पॅनेलपासून सुरू होतो. तो जागेपासून सुरू व्हायला हवा. लक्स मीटर घ्या; लक्स हे पृष्ठावर पडणाऱ्या उजेडाचे माप. मोबाइलमधल्या सेन्सरवर विसंबू नका, तो कोन आणि रंग दोन्हींत चुकतो. मीटरचा पांढरा गोल टॅग जिथे चिकटणार त्याच जागी, पॅनेलचे तोंड जिकडे असेल तिकडेच करून धरा. छताच्या दिव्याखाली आडव्या टेबलावर ४०० लक्स दिसतात, तिथेच कपाटाच्या उभ्या बाजूवर १३० ते २०० मिळतात. रॅकच्या खालच्या कप्प्यात ५० सुद्धा मिळत नाहीत. वस्तू फिरती असेल तर तिच्या नेहमीच्या सगळ्या जागा मोजा आणि हिशोबाला सर्वांत अंधारी जागा धरा.

लक्सइतकेच तास महत्त्वाचे आहेत. दिवे किती वाजता लागतात, जेवणाच्या सुट्टीत बंद होतात का, रविवारी काय, दिवाळीत किती दिवस कुलूप, हे तिथल्या माणसांना विचारा. व्हरांड्यात माणूस आला की दिवा लागतो अशी सोय असेल, तर ती जागा जवळजवळ अंधारीच समजा.

पुढचा सगळा हिशोब पॅनेलच्या पृष्ठावर २०० लक्स, दिवसाला १० तास या गृहीतावर आहे.

पॅनेल

छतावर लावतात त्या स्फटिक सिलिकॉनच्या सेलचा तुकडा इथे घेऊ नका. उन्हात तो २० टक्के कार्यक्षम असतो, पण दोन-तीनशे लक्सवर त्याच्यातली अंतर्गत गळतीच बराचसा प्रवाह गिळते. शिवाय एलईडीच्या उजेडात अवरक्त भाग जवळजवळ नसतो आणि स्फटिक सिलिकॉनची मोठी मिळकत तिथूनच असते. कॅल्क्युलेटरवर असते ती तपकिरी काळसर पट्टी, म्हणजे काचेवरचे अमॉर्फस सिलिकॉन, या कामाला योग्य. पॅनासॉनिकच्या अमॉर्टन मालिकेतले एएम-१४१७ हे ३५ × १३.९ मिलिमीटरचे पॅनेल २०० लक्सला १.५ व्होल्टवर १२.५ मायक्रोअँपिअर देते, म्हणजे १८.७५ मायक्रोवॉट. त्याच मालिकेतले ५३ × २५ मिलिमीटरचे एएम-१८०१ हे ३ व्होल्टवर १८.५ मायक्रोअँपिअर देते. दोन्हींचा अर्थ एकच: चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ मायक्रोवॉट. दुसऱ्या कुणाचे पॅनेल घेतले आणि विक्रेता २०० लक्सला याच्या दहापट आकडा सांगत असेल, तर तो उन्हाचा आकडा आहे.

एएम-१८०१ मोठे असूनही इथे ते घेतलेले नाही. त्याचा मुक्त व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता मिळणारा व्होल्टेज, ४.९ पर्यंत जातो. पुढे जोडायची हार्वेस्टर चिप, म्हणजे पॅनेलची वीज साठ्यात (इथे सुपरकॅपॅसिटर, खूप मोठ्या क्षमतेचा कॅपॅसिटर) भरणारी चिप, व्होल्टेज वाढवणारी आहे, आणि अशा चिपसाठी पॅनेलचा मुक्त व्होल्टेज साठ्याच्या व्होल्टेजच्या खाली राहिलेला बरा. म्हणून एएम-१४१७, समांतर जोडलेली. किती, ते हिशोबानंतर; सध्या दोन धरू.

पॅनेल तारा जोडलेलेच मिळाले तर तेच घ्या. काचेवरची जोडणीची टोके उष्णतेने सुटतात. स्वतः सोल्डरचा डाग द्यावाच लागला तर सोल्डरिंग आयर्नचे टोक लहान ठेवा आणि दोन सेकंदांत उचला.

हार्वेस्टर चिप

दोन चिपा सहज मिळतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू२५५७० आणि ई-पीजची एईएम१०९४१. निवड ठरते ती साठा पूर्ण रिकामा असतानाच्या पहिल्या सुरुवातीवर. बीक्यू२५५७० ला त्या वेळी ६०० मिलिव्होल्ट आणि सुमारे १५ मायक्रोवॉट लागतात. एईएम१०९४१ ला ३८० मिलिव्होल्ट आणि ३ मायक्रोवॉट पुरतात. २०० लक्सवर दोन पॅनेल दोघींनाही सुरू करतील. पण ५० लक्सच्या कोपऱ्यात तीच दोन पॅनेल जेमतेम ९ मायक्रोवॉट देतात. तिथे एकदा रिकामा झालेला बीक्यूवाला टॅग पुन्हा उठत नाही, आणि रोज दिवे लागत असूनही तो मेलेला का, हे कुणाला कळत नाही. म्हणून इथे एईएम१०९४१.

तिला १० मायक्रोहेन्रीची दोन कॉइल लागतात. कमी रोधाची घ्या, स्वस्त बारीक तारेची नको. कॅपॅसिटर असे: पॅनेलच्या बाजूला १० मायक्रोफॅरड, बूस्टला (व्होल्टेज वाढवणारा भाग) २२ मायक्रोफॅरड, बकला (व्होल्टेज उतरवणारा भाग) १० मायक्रोफॅरड, सगळे सिरॅमिक. व्होल्टेजच्या तीन मर्यादा पिनांच्या जोडणीने ठरतात. तक्त्यातला दुहेरी सुपरकॅपॅसिटरचा पर्याय घ्या: भरणे ४.५ व्होल्टला थांबते, ३.६७ व्होल्टला पुढचा भार चालू होतो, २.८ व्होल्टला तोडला जातो, आणि बाहेर २.५ व्होल्ट मिळतात. ३.६७ आणि २.८ मधले अंतर फार मोलाचे आहे. ते नसेल तर टॅग चालू होताच व्होल्टेज खाली येतो, टॅग बंद पडतो, व्होल्टेज चढतो, पुन्हा चालू होतो, आणि या फेऱ्यांतच सगळी मिळकत संपते. एकसंध ५.५ व्होल्टचा सुपरकॅपॅसिटर वापरत असाल तर मधल्या टोकासाठी असलेली बॅलन्सची पिन ग्राउंडला जोडा; मोकळी सोडू नका.

पॅनेल मुक्त व्होल्टेजच्या किती टक्क्यांवर चालवायचे, तेही पिनांनीच ठरते. अमॉर्फससाठी ७० किंवा ७५ टक्के. दोन्ही लावून पाहा आणि ज्यात साठा लवकर चढतो ते ठेवा.

खर्च: झोप महाग, बोलणे स्वस्त

इथे सावकाश जाऊ या, कारण टॅग जगतो की मरतो हे याच भागात ठरते.

आधी मिळकत. दोन पॅनेलचे ३७.५ मायक्रोवॉट. झाकणाच्या प्लॅस्टिकमध्ये १० टक्के जातात, चिपमध्ये या पातळीला सुमारे ३० टक्के. उरतात २३.६. साठ्याचा सरासरी व्होल्टेज ३.६५ धरला तर भरण्याचा प्रवाह ६.५ मायक्रोअँपिअर, तोही फक्त १० तास. चोवीस तासांवर पसरला की २.७ मायक्रोअँपिअर. टॅगचे उत्पन्न एवढेच.

आता नॉर्डिकची एनआरएफ५२८३२ ही रेडिओ चिप नेहमीच्या पद्धतीने झोपवली, म्हणजे घड्याळ चालू आणि सगळी मेमरी जागी, तर ती १.९ मायक्रोअँपिअर घेते. हार्वेस्टर चिपचे स्वतःचे ०.५ धरा, सुपरकॅपॅसिटरची गळती १.० धरा. बेरीज ३.४. एकही संदेश पाठवण्याआधी टॅग तोट्यात गेला.

एका संदेशाचा खर्च मात्र मामुली आहे. ब्लूटूथमध्ये जोडणीशिवायच्या उघड्या संदेशांसाठी राखलेल्या ३७, ३८ आणि ३९ या तिन्ही जाहिरात-वाहिन्यांवर एकेकदा पाठवायला सुमारे १२ मायक्रोकूलोम (एक मायक्रोकूलोम म्हणजे एक मायक्रोअँपिअर एक सेकंद) लागतात. दर ३० सेकंदांना तेवढे म्हणजे सरासरी ०.४ मायक्रोअँपिअर. बहुतेक जण संदेश विरळ करत बसतात. काटकसर झोपेत करायला हवी.

उपाय असा: चिप पूर्ण बंद अवस्थेत टाका, जिथे ती ०.३ मायक्रोअँपिअर घेते, आणि उठवण्याचे काम टीपीएल५०१० या वेगळ्या टायमरला द्या. तो ३५ नॅनोअँपिअरवर चालतो आणि त्याची वेळ एका रोधकाने ठरते. दोन्ही मिळून ०.३३५. याची किंमत अशी की पूर्ण बंद अवस्थेतून उठणे म्हणजे रीसेट. क्रिस्टल सुरू होणे, फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) नव्याने उभे राहणे यात सुमारे १० मायक्रोकूलोम जातात. झोपेत वाचलेले १.५६५ मायक्रोअँपिअर आणि उठण्याचा हा खर्च यांची तुलना केली की सीमा मिळते: सुमारे साडेसहा सेकंद. संदेश त्याहून घाईचे असतील तर घड्याळ चालू ठेवून झोपणेच बरे, आणि मग पॅनेल मोठे हवे. संदेश विरळ असतील तर पूर्ण बंद.

टायमर ३० सेकंदांवर लावा. अंधारात दर पाच मिनिटांनी एकच संदेश पुरे, म्हणून उठल्या उठल्या, रेडिओचे सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी, मोजणी पाहा आणि दहापैकी नऊ वेळा तसेच परत झोपा. असे उठणे २ मायक्रोकूलोममध्ये बसवता येते. मोजणी रीसेटमध्येही टिकणाऱ्या जीपीआरईजीआरईटी या रजिस्टरमध्ये ठेवा. आणि टीपीएल५०१० ला प्रत्येक वेळी ‘झाले’ची खूण परत द्यायला विसरू नका, ती मिळाली नाही तर तो रीसेट मारतो. फर्मवेअर अडकले तर हीच गोष्ट टॅगला वाचवते.

आता खर्च असा: उजेडात संदेशांचे ०.७३, अंधारात ०.१३, दिवसाची सरासरी ०.३८. झोप ०.३३५, हार्वेस्टर ०.५, गळती १.०. एकूण २.२ मायक्रोअँपिअर. उत्पन्न २.७. जमले असे वाटते.

पण आठवड्याचा हिशोब करा. रविवारी बंद असलेल्या जागेत उत्पन्न सहा-सप्तमांश, म्हणजे २.३ उरते. शनिवार-रविवार दोन्ही बंद असतील तर १.९, आणि टॅग हळूहळू मरतो. असा टॅग पहिल्या आठवड्यात व्यवस्थित चालतो, तिसऱ्या-चौथ्या सोमवारी गप्प होतो, आणि दोष फर्मवेअरला जातो. तिसरे पॅनेल लावा. उत्पन्न दिवसाला ४.० होते, पाच दिवसांच्या आठवड्यातही २.९ राहते, आणि झाकणावर धूळ बसायलाही जागा राहते.

साठा

सलग ७२ तास अंधार सोसायचा, असे धरू. अंधारातला प्रवाह २.० मायक्रोअँपिअर. गुणाकार केला की ०.५२ कूलोम. ४.५ ते २.८ हे १.७ व्होल्टचे अंतर वापरायचे, म्हणून ०.३ फॅरड लागतात. वयाने क्षमता घटते, तेव्हा ०.४७ फॅरड, ५.५ व्होल्टचा घ्या. याहून मोठा घेण्याचा मोह टाळा: साठा मोठा की गळतीही मोठी.

डेटाशीटमधला गळतीचा आकडा बहुधा ७२ तास भरून ठेवल्यानंतरचा असतो. नवा सुपरकॅपॅसिटर पहिल्या दिवशी त्याच्या कितीतरी पट प्रवाह गिळतो. तो बिघडलेला नाही, त्याला वेळ द्या. त्यात भर म्हणजे, रिकामा साठा ३.६७ व्होल्टपर्यंत चढवायला ३.२ जूल लागतात आणि दोन पॅनेल दिवसाला ०.८५ जूल देतात. म्हणजे जवळपास चार दिवस टॅग मुका. तीन पॅनेल असली तरी अडीच दिवस. म्हणून बसवण्याआधीच भरा. ४.५ व्होल्टच्या पुरवठ्याला १०० ओहमचा रोधक मालिकेत जोडून साठ्याला लावा. चार-पाच मिनिटांत व्होल्टेज चढलेला दिसेल, पण तसाच रात्रभर ठेवा, म्हणजे आतपर्यंत मुरेल. लगेच काढलात तर तासाभरात व्होल्टेज खाली येतो.

नाण्याच्या आकाराच्या सुपरकॅपॅसिटरचा अंतर्गत रोध काही दशक ओहम असतो. रेडिओ ५ मिलिअँपिअर ओढतो तेव्हा पाव व्होल्ट तिथेच पडू शकतो. हा धक्का सोसायला २.५ व्होल्टच्या बाजूला, रेडिओ चिपजवळ, १०० मायक्रोफॅरडचा एक्स५आर प्रकारचा सिरॅमिक कॅपॅसिटर लावा. व्होल्टेजखाली त्याची क्षमता बरीच घटते, म्हणून ४७ लावून भागवू नका. आणि तिथे टँटलम कॅपॅसिटर तर मुळीच नको. त्याच्या गळतीची नेहमीची हमी ०.०१ गुणिले क्षमता गुणिले व्होल्टेज अशी असते. १०० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्टला ती ६.३ मायक्रोअँपिअर होते. टॅगच्या सगळ्या खर्चाच्या जवळपास तिप्पट, एका भागातून.

फर्मवेअर आणि अँटेना

जोडणी न स्वीकारणारी आणि उलट प्रश्नही न घेणारी जाहिरात पाठवा. मग संदेशानंतर रेडिओला कान देऊन बसावे लागत नाही. संदेश लहान ठेवा: ३१ बाइट भरले तर एका वाहिनीवर ३७६ मायक्रोसेकंद, ८ बाइटला १९२. टॅगचा क्रमांक, साठ्याचा व्होल्टेज आणि एक मोजणी एवढे ८ बाइटमध्ये बसते. व्होल्टेज पाठवाच. कुठला टॅग अंधाऱ्या कोपऱ्यात पडला आहे, ते तो गप्प होण्याआधी कळते.

मात्र तो व्होल्टेज मोजायला एक-एक मेगाओहमचे दोन रोधक कायमचे जोडून ठेवू नका. ४.५ व्होल्टला त्यांतून २.२५ मायक्रोअँपिअर वाहतात. उरलेला सगळा टॅग मिळूनही तेवढेच खातो. मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) फक्त मोजतानाच जोडा. उजेड आहे की नाही हेही त्याच वेळी पॅनेलच्या व्होल्टेजवरून ठरवता येते.

एनआरएफ५२८३२ मधला डीसी-डीसी (व्होल्टेज काटकसरीने उतरवणारा भाग) फर्मवेअरमधून चालू करावा लागतो आणि त्याची कॉइल बोर्डवर असावी लागते. तो बंद राहिला तर संदेश पाठवताना ३ व्होल्टला ५.३ मिलिअँपिअरच्या जागी ११.६ जातात. यूएआरटी (संगणकाशी बोलायचा सिरियल पोर्ट) बंद करा. प्रोग्रॅम भरल्यावर वीज पूर्ण काढून पुन्हा द्या. डीबगरची (प्रोग्रॅम भरण्याच्या आणि तपासण्याच्या उपकरणाची) अवस्था टिकून राहिली तर पूर्ण बंद अवस्था खरी नसते, आणि मोजलेला प्रवाह पाहून माणूस उगाच घाबरतो.

पॅनेलच्या मागे धातूचा थर असतो. अँटेना त्याच्यापासून किमान १० मिलिमीटर दूर, बोर्डाच्या मोकळ्या टोकाला ठेवा. टॅग लोखंडी कपाटावर चिकटणार असेल तर मागे ५-६ मिलिमीटर जाडीचा फोम द्या. नाहीतर पल्ला निम्म्यावर येतो आणि लोक शक्ती वाढवून वीज घालवतात. २.४ गिगाहर्ट्झला भारतात परवाना लागत नाही, पण टॅग विकायचा असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची ईटीए (उपकरणाच्या प्रकाराला दिलेली) मान्यता लागते.

तपासणी

साध्या मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर पट्ट्यावर टॅग मोजू नका. संदेशाच्या क्षणी मीटरवरच व्होल्टेज पडतो आणि चिप रीसेट होते. नॉर्डिकचा पॉवर प्रोफाइलर किट २ हा २०० नॅनोअँपिअर ते १ अँपिअर मोजतो. तो असेल तर उत्तम. नसेल तर याहून सोपी आणि माझ्या मते जास्त विश्वासार्ह रीत आहे. साठा भरा, टॅग बंद खणात ठेवा, रोज एकाच वेळी सुपरकॅपॅसिटरचा व्होल्टेज मोजा. २.० मायक्रोअँपिअरला ०.४७ फॅरडचा व्होल्टेज दिवसाला ०.३७ ने उतरतो. पहिला दिवस सोडून द्या. नंतरही ०.६ किंवा ०.८ उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. मीटर जोडून ठेवू नका. १० मेगाओहमचा मीटर ४.५ व्होल्टला ०.४५ मायक्रोअँपिअर स्वतःच पितो.

गळती शोधताना क्रम ठेवा: आधी टँटलम आणि व्होल्टेज मोजायचे ते दोन रोधक, मग मोकळे सोडलेले इनपुट पिन, मग डायोड. पॅनेलच्या मार्गात बीएटी५४ सारखा शॉटकी डायोड घातला असेल तर अंधारात तो उलटा गळतो आणि गरम जागेत आणखी जास्त. हार्वेस्टर चिप असताना त्याची गरजच नसते. शेवटी बोर्डाचा पृष्ठभाग. कोकणात किंवा मुंबईत जुलैच्या दमट हवेत, डागाखाली उरलेला फ्लक्स (सोल्डर करताना वापरतात ते रसायन) काही मेगाओहमचा रोधक बनतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुवा, वाळवा, मग संरक्षक लेप द्या. मार्चमध्ये पास झालेला टॅग पावसाळ्यात नापास होतो, त्याला बहुतेक वेळा हेच कारण असते.

विदर्भातल्या पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात उलटा त्रास: उष्णतेने सुपरकॅपॅसिटरची गळती वाढते. टॅग तिथे जाणार असेल तर खणातली चाचणी ४५ अंशांवर पुन्हा घ्या आणि त्या आकड्याने पॅनेल ठरवा.

उजेडाची चाचणी खिडकीपाशी किंवा पिवळ्या तारेच्या बल्बखाली करू नका. लक्स तेच दिसले तरी त्या उजेडात ऊर्जेची वाटणी वेगळी असते. प्रत्यक्ष जागेतला एलईडी दिवा वापरा. उजेड कमी करायचा तर डिमर नको. दिवा दूर न्या किंवा पॅनेलवर पातळ कागद ठेवा आणि लक्स मीटर त्याच कागदाखाली धरा. ५० लक्सवर पूर्ण रिकामा टॅग स्वतःहून सुरू होतो का, हेही पाहा. व्होल्टेज चढू लागला एवढे दिसले तरी पुरे.

बसवताना पॅनेल शक्यतो वर तोंड करून ठेवा, किंवा वस्तूच्या वरच्या कडेवर तिरके. लावल्यावर आठवडाभर रोज सकाळचा व्होल्टेज पाहा. दोन सोमवारांचे आकडे सारखे आले तर हिशोब जुळला. दुसरा सोमवार ०.१ व्होल्टने जरी खाली असेल, तरी तो टॅग तिथून हलवा किंवा त्याला आणखी एक पॅनेल द्या.